घास उतरेना तेव्हा

श्रोतेहो, नेकनूरसारख्या आपल्या गावात एखादे आजोबा म्हणतात, “उष्णता झालीय, घास उतरना.” घरची माणसं सब्जाचं पाणी देतात. आजोबा भाकरीवरून ताकातल्या कण्यांवर येतात, कण्यांवरून नुसत्या पाण्यावर. कुणाच्या ध्यानातही येत नाही.

कधी कधी याचं कारण अन्ननलिकेतली बुरशी असते. कॅन्डिडा नावाची ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही मुकाट्यानं राहते. मधुमेह, एच.आय.व्ही., कर्करोगावरची औषधं किंवा स्टेरॉइड यांनी अंगातली ताकद खचली, की ती माजते. 1981 साली अमेरिकेत एड्सचे पहिले रोगी नोंदले गेले, त्यांनाही कॅन्डिडाची बाधा होती.

तिचं पहिलं संकट म्हणजे उपासमार. गिळताना दुखतं म्हणून माणूस खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी खंगतो. पुढे व्रण होऊन रक्त जातं, शौच काळी होते. क्वचित नळी आकसते, फार क्वचित तिला छिद्र पडतं. अगदी दुबळ्या रोग्यात बुरशी रक्तातही शिरते.

पण यावर औषध आहे. फ्लुकोनॅझोल सहसा 14 ते 21 दिवस देतात. ते डॉक्टरांच्याच सल्ल्यानं घ्यावं, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये. मूळ कारणही शोधावं, रक्तातली साखर तपासावी. दम्याचा स्टेरॉइडचा फवारा घेतल्यावर चूळ भरावी. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

गुरुजनहो, एवढं मुलांना जरूर सांगा. ताटात भाकरी का उरते, हे घरात पहिल्यांदा मुलांनाच दिसतं.