घरांतील गॅस आणि त्याची नळी



नवा संसार मांडतांना शेगडी निवडण्यांत आपण पुष्कळ वेळ घालवितों. ती किती बर्नरांची असावी, कांचेची असावी कीं पोलादाची, ओट्यावर शोभेल कीं नाहीं, याची घरांत रीतसर चर्चा होते. परंतु त्या शेगडीपर्यंत गॅस आणणारी नळी मात्र दुकानदार देईल ती, असा प्रकार असतो. एकदां बसविली म्हणजे ओट्याखालच्या अंधारांत ती विस्मृतींत जाते. आज मी बोलणार आहें तें या उपेक्षित नळीविषयीं. कारण गॅसच्या सर्व सरंजामांत म्हातारपण सर्वांत लवकर येतें तें हिलाच.

सिलिंडर जाड पोलादाचा असतो. त्याची ठराविक मुदतीनें परीक्षा होते, आणि पुढील परीक्षेचा काळ त्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ए, बी, सी व डी हीं अक्षरें वर्षाच्या चार तिमाही दाखवितात व पुढें वर्षाचा आंकडा असतो. रेग्युलेटर आणि शेगडी यांचें अंगहि मुख्यत्वें धातूचेंच. नळी तेवढी रबराची. आणि रबर हा पदार्थ उष्णतेनें, तेलाच्या ओशटपणानें, हवेनें व नुसत्या काळानेंहि कडक होऊन तडकतो. सांखळीचें बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढें असतें, हें आपण जाणतोंच. येथें ती कडी कोणती, हें निराळें सांगावयास नको.

आपल्या घरांत दोन प्रकारचे गॅस येतात. सिलिंडरमधून येतो तो प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण. दाबाखालीं तो द्रवरूप होतो, म्हणूनच १४.२ किलो एवढा सांठा एका सिलिंडरांत मावतो. इंडेन या नांवानें तो १९६५ सालीं प्रथम कलकत्त्यास घरगुती वापरांत आला. दुसरा नळाचा, म्हणजे नैसर्गिक वायु. त्यांत मुख्य भाग मिथेनचा असतो. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत १९७४ सालीं बॉम्बे हायचें तेलक्षेत्र सांपडलें आणि तेथील वायु उरणच्या किनाऱ्यास आणला गेला. पुढें १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीनें मुंबईच्या स्वयंपाकघरांतून नळाच्या गॅसचा प्रसार केला.

दोन्ही गॅस मूळचे जवळजवळ गंधहीन. आपणांस जो उग्र दर्प येतो तो गळतीची सूचना मिळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. परंतु दोघांच्या स्वभावांत एक मोठा भेद आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षां जड, सुमारें दीडपट ते दुप्पट. तो सुटला म्हणजे पाण्यासारखा खालीं उतरतो व ओट्याखालच्या कपाटांत किंवा जमिनीलगतच्या कोपऱ्यांत सांचतो. नैसर्गिक वायु हवेच्या निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा. तो छताकडे धांवतो. म्हणून पहिल्यासाठीं जमिनीलगत हवेला वाट हवी आणि दुसऱ्यासाठीं छताजवळ झरोका हवा. सिलिंडर बंद कपाटांत कोंडून ठेवणें या दृष्टीनें अगदीं गैर होय.

आतां दाबाचा प्रश्न. कित्येकांची समजूत अशी कीं, नळींत गॅस मोठ्या जोरानें कोंडलेला असतो, म्हणून नळी जितकी जाड तितकी चांगली. वस्तुस्थिति निराळी आहे. दाब असतो तो सिलिंडरांत. रेग्युलेटरमधून बाहेर पडतांना तो सुमारें ३० मिलिबार एवढाच उरतो, आणि नळाच्या गॅसचा शेगडीजवळील दाब त्याहूनहि कमी, म्हणजे सुमारें २१ मिलिबार असतो. शाळेंत मुलांना दाब समजावून देतांना मी पाण्याच्या स्तंभाचें उदाहरण घेत असें. तोच हिशेब येथें लावला, तर पहिला दाब फूटभर उंच पाण्याचा आणि दुसरा वीतभर उंच पाण्याचा. एवढ्याशा दाबानें चांगली नळी फुटत नाहीं. भय आहे तें झिरपण्याचें: केसाएवढी चीर, सैल बसलेलें टोंक किंवा उंदरानें कुरतडलेली जागा. म्हणून नळीची परीक्षा जाडीवरून नव्हे, तर तिच्या घडणीवरून व वयावरून करावयाची.

घडण म्हणजे काय? साध्या नैसर्गिक रबराच्या तुकड्यावर पेट्रोल टाकून पाहिलें तर तो फुगून ढिला पडतो. प्रोपेन व ब्युटेन हीं त्याच कुळांतील द्रव्यें. म्हणून गॅसच्या नळीचें आंतील अस्तर या द्रव्यांस दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराचें करितात. त्यावर पोलादी तारेचें वेष्टण असतें. तें नळीला बळकटी देतें आणि उंदराच्या दांतांस अडवितें. सर्वांत वर रबराचें आवरण असतें. बाजारांत नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी मिळते ती अशीच. बागेची किंवा नळाच्या पाण्याची प्लॅस्टिकची नळी दिसावयास तशीच दिसली, तरी गॅसच्या कामीं ती निषिद्ध समजावी.

नळी विकत घेतांना तीन गोष्टी वाचून पाहाव्या. पहिली, आयएसआय चिन्ह व त्याबरोबर ९५७३ हा मानकाचा क्रमांक. दुसरी, नळीवरच छापलेली तारीख. आणि तिसरी, लांबी. घरगुती नळी दीड मीटरच्या आंतबाहेर असावी. लांब नळी लोंबते, पायांत येते किंवा शेगडीखालून जाऊन तापते. सुरक्षा नळीचें आयुष्य पांच वर्षें धरिलें आहे. जुन्या साध्या रबरी नळ्या दोन वर्षांनीं बदलाव्या, असा दंडक होता. पांच वर्षें झालीं म्हणजे नळी वरून कितीहि धडधाकट दिसो, ती बदलावी. कारण आंतील अस्तर आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं.

चांगली नळी वाईट रीतीनें बसविली तर तिचा गुण वायां जातो. नळीचें टोंक तोटीच्या सर्व कंगोऱ्यांवर पूर्ण चढलें पाहिजे. तें चढत नाहीं म्हणून विस्तवावर धरून मऊ करूं नये. सैल बसतें म्हणून सुतळी किंवा तार गुंडाळूं नये. योग्य मापाची दुसरी नळी आणावी. दोन तुकडे जोडून एक नळी करूं नये, आणि भिंतींतील भोंकांतून ती ओवूं नये. शोभेसाठीं तिला कापडाची खोळ घालूं नये. चीर पडली तर ती झांकली जाते. बसविल्यावर सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे उठले तर गळती आहे. आगकाडी ओढून गळती शोधणें म्हणजे चोर सांपडावा म्हणून घराला आग लावणें होय.

येथें एक शंका येईल. सिलिंडर बाल्कनींत आणि शेगडी आंत, असें ज्यांचें घर आहे त्यांनीं काय करावें? त्यांनीं लांब रबरी नळीचा मोह सोडावा आणि जाणत्या कारागिराकडून, वितरकाच्या संमतीनें, तांब्याचा पक्का नळ भिंतीवरून न्यावा. रबरी नळी फक्त दोन टोंकांशीं, आंखूड ठेवावी. नळाच्या गॅसची व्यवस्था याच तत्त्वावर असते. रस्त्याखालून पॉलिथिलीनचे नळ येतात. ते गंजत नाहींत, परंतु ऊन व आग त्यांस सोसत नाहीं, म्हणून जमिनीवर इमारतीच्या अंगानें जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी नळ चढतात. घरांत मीटर, मग तांब्याचा किंवा पोलादी नळ, मग बंद करण्याची चावी, आणि अगदीं शेवटीं हातभर रबरी नळी. हे नळ भिंतींत गाडून किंवा फर्निचरमागें लपवून टाकूं नयेत, त्यांवर कपडे वाळत घालूं नयेत आणि विजेची तार त्यांस जोडूं नये. सिलिंडरवरची शेगडीहि तशीच नळाच्या गॅसला लावूं नये. एवढ्याच घनफळाच्या नैसर्गिक वायूंत प्रोपेनच्या सुमारें दोन-पंचमांशच उष्णता असते, म्हणून शेगडीचे जेट बदलून घ्यावे लागतात.

रात्रीं निजण्यापूर्वीं केवळ शेगडीची कळ फिरवून भागत नाहीं; तसें केल्यास नळी रात्रभर गॅसनें भरलेली राहते. रेग्युलेटर बंद करावा, नळाचा गॅस असल्यास भिंतीवरील चावी फिरवावी. मग नळींत दोष असला, तरी रात्रीं तिच्यांतून झिरपावयास नवा गॅस येत नाहीं. दर्प आलाच तर विजेचें बटन लावूंहि नये व विझवूंहि नये. दोहोंतहि ठिणगी पडते. ज्योत विझवावी, रेग्युलेटर किंवा चावी बंद करावी, दारेंखिडक्या उघडाव्या आणि सर्वांनीं बाहेर यावें. मग बाहेरूनच सिलिंडरच्या गॅससाठीं १९०६ या क्रमांकावर, व नळाच्या गॅससाठीं बिलावरील तातडीच्या क्रमांकावर कळवावें.

शेवटीं एक गोष्ट विशेषेंकरून गृहस्थांस सांगावीशी वाटते. पुष्कळ घरांतून नळी आणणारा एक आणि तिच्याजवळ दोन वेळां उभें राहणारें माणूस दुसरेंच असतें. जुनी नळी आणखी वर्षभर चालवून जे चार पैसे वांचतात, त्यांची जोखीम तें दुसरें माणूस उचलीत असतें, आणि तेंहि न विचारतां. ही काटकसर नव्हे. आज घरीं ओट्याखालीं दिवा धरून नळीवरील तारीख वाचावी, ती घरांतील सर्वांस दिसेल अशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी, आणि मुदत भरतांच नळी बदलावी. जी तारीख वाचतां येत नसेल, ती उलटून गेली असेंच समजावें.