कोंबडीला शहरबंदी कशासाठी?

(जुने शहर, अकोला येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा गोषवारा)



आतापर्यंत कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले. मी कोंबडीवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाजूला काही भाऊ हसले. हसा, माझी हरकत नाही. पण मायबहिणी हसल्या नाहीत, हे मी पाहिले. कारण कोंबडीचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

२०१६ साली अकोल्याची हद्दवाढ झाली. शिवणी, शिवर, मलकापूर, खडकी अशी चोवीस गावे महानगरपालिकेत आली. रात्री गावात झोपलेला माणूस सकाळी शहरात उठला. जमीन तीच, पऱ्हाटी तीच, अंगणही तेच. बदलला तो फक्त पाटीवरचा शब्द.

शहरात आलेल्या अशाच एका वस्तीत माझी नात्यातली एक बहीण राहते. तिच्याकडे अकरा कोंबड्या होत्या. शेजारी नवे घर बांधून एक गृहस्थ राहायला आले. एक दिवस ते दारात येऊन म्हणाले, ‘‘बाई, आता हे शहर झालं. इथे कोंबड्या चालत नाहीत. मी तक्रार करणार आहे.’’ ती म्हणाली, ‘‘मंग तुमचं कुत्रं कसं चालते भाऊ?’’ उत्तर चोख दिले, पण रात्रभर तिला झोप आली नाही. दंड किती होईल, पोलीस येतील का, घरचे काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी तिने अकराही कोंबड्या फेरीवाल्याला पडत्या भावात देऊन टाकल्या.

मी तिला विचारले, नोटीस आली होती का? नाही. कोणी कागद दाखवला का? नाही. नियम कोणता, कलम कोणते? तिला माहीत नाही, आणि त्या गृहस्थांनाही माहीत नव्हते. म्हणजे कायद्याने कोंबड्या नेल्या नाहीत, भीतीने नेल्या. आजचा विषय एवढाच आहे.

भीती कशी काम करते, हे कापूसवाल्यांना वेगळे सांगायला नको. १९७२ पासून आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. आपल्या घामाचा कापूस आपल्याच गाडीतून नेताना माणूस चोरासारखा रात्रीचा निघायचा. पुढे ती प्रांतबंदी गेली. आता कापसाची प्रांतबंदी मोडणाऱ्यांनी आपल्या बायकांच्या कोंबडीला शहरबंदी होऊ द्यायची का?

हा प्रश्न बाईचा आहे, हे लक्षात घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर. सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर, कापसाची पट्टीही त्याच्याच नावावर. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, पुढे लक्ष्मीमुक्तीचे काम झाले, तरी आज किती घरांत बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे, ते ज्याचे त्याने आठवावे. १९९१ साली शेगावला चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला गेला. त्यात सीताशेती होती, माजघरशेती होती. बाईच्या हातच्या कामातून घरात पैसा यावा, हा त्यामागचा विचार होता. खुराडे ही त्याच विचारातली गोष्ट आहे. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येताच देणेकरी दारात उभा असतो. अंड्याचा पैसा आठवड्याला येतो, तो बाईच्या हातात येतो, आणि त्यावर कोणत्याही बँकेचा बोजा चढत नाही. वही-पेन, एसटीचे भाडे, पोराचा ताप, हे त्यातून निघते.

खर्चही पाहा. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. गिरिराज, वनराज या जाती त्याहून बऱ्याच जास्त देतात, पण गावरान अंड्याला भाव चांगला आणि तिला सांभाळायला कष्ट कमी. पावसात काळी पडलेली ज्वारी व्यापारी हातात घेत नाही. कोंबडी ती खाते. जात्याखालची कणी, भाजीचा पाला, अंगणातले किडे हेही ती खाते. फक्त सरकी तिच्यापासून दूर ठेवा. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, त्याने अंड्यातला बलक हिरवट-काळपट होतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. सरकीची ढेप म्हशीलाच बरी.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर आपण अर्धे बोललो असे होईल. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात ‘उपद्रव’ असा शब्द आहे. नाकाला, कानाला, डोळ्याला त्रास होणे, झोपेत व्यत्यय येणे, आरोग्याला धोका होणे, हे सारे त्यात बसते. शब्द रबरासारखा आहे. ताणला तर कोणाच्याही अंगणापर्यंत येतो. पण त्रास खराच असेल तर तो शेजाऱ्याने का सोसावा? पहाटे चारला कोंबडा कानाशी आरवला, नालीत घाण साचली, पिसे त्याच्या पाण्याच्या टाकीत पडली, तर तो चिडणारच. आपल्या शेतात शेजाऱ्याची गुरे शिरली तर आपण गप्प बसतो का?

रोगाचेही तसेच. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशातला तो पहिला. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात अंगणातल्या कोंबड्यांत सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला आला. रोग आला की त्या ठिकाणाभोवतीच्या कोंबड्या सरकार मारते. मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेलीची मिळत नाही. म्हणून पहिली कोंबडी पडली त्याच दिवशी दवाखान्यात कळवणे शहाणपणाचे. पण जिची कोंबडी चोरून पाळलेली आहे, ती बाई कळवेल का? ती खड्डा करून पुरेल आणि गप्प बसेल. मनाई केल्याने कोंबड्या कमी होत नाहीत, त्या लपतात. आणि लपलेल्या कोंबडीबरोबर रोगही लपतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्या आज्या सांगून गेल्या.

हा अनुभव आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचे शहर आहे. तिथे घरी कोंबड्या पाळायला बंदी होती आणि लोक त्या लपवून पाळत होते. लपवणारे एकत्र आले, नगरपालिकेसमोर उभे राहिले, आणि २००४ साली नियम बदलून घेतला. चार कोंबड्या चालतील, कोंबडा चालणार नाही, घरी कापायच्या नाहीत. झाकून ठेवलेली गोष्ट उजेडात आली आणि शेजाऱ्यालाही आपला हक्क काय ते कळले. बंगल्यांच्या शहरात जे जमले, ते मोर्णेकाठच्या या जुन्या शहरात का जमू नये? असदगडाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची शेती गावाबाहेर आणि अंगण गावात, त्यांना शहर आणि शेत वेगळे करता येत नाही.

मग आपली मागणी काय? सवलत नको, अनुदान नको. लेखी नियम हवा.

एक, घरगुती दहा कोंबड्यांपर्यंत परवाना नको. परवाना आला की परवाना देणारा आला, आणि त्याच्या मागे काय येते ते आपल्याला माहीत आहे.

दोन, दाट वस्तीत कोंबडा नको. कोंबड्यावाचूनही कोंबडी अंडी देते, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी खेड्यातल्या बहिणीकडून आणा. एकवीस दिवसांत पिल्ले निघतील.

तीन, रात्री कोंबड्या खुराड्यात बंद. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब, आणि शिट नालीत नाही. खाली कुटार टाकले तर वास मरतो आणि शेताला चांगले खत मिळते.

चार, पशुवैद्यकीय दवाखान्यात नुसती नोंद. त्या नोंदीवर मानमोडीची लस मिळावी आणि साथ आली तर भरपाई.

पाच, तक्रार आली तर आधी लेखी नोटीस आणि सुधारायला मुदत. तोंडी धमकीला किंमत नाही.

तीन बंधने आपण आपल्यावरच घालून घेतो आहोत, हे शेजाऱ्याला आवर्जून सांगा. निम्मे भांडण तिथेच मिटेल.

कामाला लागायचे ते असे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. विचारायचे एवढेच: घरगुती कोंबड्या पाळण्याबाबत महानगरपालिकेचा कोणता नियम, उपविधी किंवा ठराव आहे, त्याची प्रत द्यावी. मनाई असेल तर ती बदलण्याची मागणी करू. काहीच नसेल तर तेच उत्तर घरोघरी देऊ, म्हणजे कोणी दारात येऊन ‘चालत नाही’ म्हणाला की बाई कागद पुढे करील.

खेड्यातल्या भावांना वाटेल, हे शहरवाल्यांचे आहे. शिवणीच्या लोकांनाही कधीकाळी तसेच वाटत होते. शहर आपल्या बांधापर्यंत येणारच आहे. ते आल्यावर काय राहील आणि काय जाईल, हे आपण आधी ठरवायचे की शेजारच्या बंगल्याने?

माझ्या त्या बहिणीने परवा पुन्हा दोन कोंबड्या आणल्या. डाल्याखाली झाकून ठेवते. ते डाले उचलता यावे, यासाठी अर्ज करायचा आहे. अर्जाचा मसुदा समोर टेबलावर ठेवला आहे. जाताना सह्या करून जा, आणि सह्या बायकांच्या घ्या. कोंबड्या त्यांच्या आहेत.