किरणांचा शेक आणि रांगोळीचा छापा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीच्या गाठीचे ऑपरेशन झाले आणि पुढे शेक द्यायचे ठरले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आणि शास्त्र शिकवणाऱ्या आमच्या धाकट्या भाऊजींना मी खोदून खोदून विचारले. समजले ते आपल्या घरच्या भाषेत सांगते.

शेक म्हटले की वाटते, आता सारे अंग भाजणार. तसे नसते. विजेचे अतिशय बारीक कण असतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. यंत्र त्यांना लाखो व्होल्टच्या जोराने पळवते. पण बाहेर पडणारा झोत अगदी बारीक, काही मिलिमीटरचाच असतो. सडा टाकताना आपण तांब्या एकाच जागी ओतत नाही. ओतला तर तिथे खड्डा पडेल आणि बाकीचे अंगण कोरडे राहील. बोटांतून शिंपडले की सगळीकडे सारखे पडते. झोताचेही तसेच. जोर मिळवणे हे अर्धे काम. तो सारखा पसरणे आणि हवा तेवढ्याच जागी पाडणे हे उरलेले अर्धे.

इलेक्ट्रॉनांना लोहचुंबकाने वळवता येते. जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत असाच झोत इकडून तिकडे फिरून चित्र उमटवी. नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम केंद्र आहे. तिथे चुंबकाने झोत डावी-उजवीकडे हलवून त्याचा लांब पट्टा करतात आणि त्याखालून वस्तू सरकवतात. पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. तिथल्या पदार्थविज्ञान विभागातील मायक्रोट्रॉन यंत्राने साठ लाख व्होल्टच्या जोराचे इलेक्ट्रॉन निरनिराळ्या पदार्थांवर सोडून प्रयोग झाले. अशा प्रयोगात एका कोपऱ्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी मारा झाला, तर निघालेल्या उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा?

मग माणसाच्या अंगाला तर किती जपायला हवे! दवाखान्यातील यंत्रात झोत आधी धातूच्या पातळ पत्र्यातून नेतात, म्हणजे तो पसरतो. मग चौकटीतून खाली आणतात. चौकटीच्या टोकाला शिसे मिसळलेल्या धातूचे जाड भोक पाडलेले ताट बसवतात. भोकाचा आकार त्या रोग्याच्या जागेप्रमाणे. आपला रांगोळीचा छापाच म्हणा ना! भोकातून पडेल तेवढेच, बाकी अडले. हा धातू सुमारे ७० अंशांवरच वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी आचेवर. म्हणून एकीचे काम झाले की तो वितळवून दुसरीसाठी नवा छापा ओतता येतो.

खोलीही ठरवता येते. नव्वद लाख व्होल्टच्या जोराचे इलेक्ट्रॉन अंगात साधारण साडेचार सेंटिमीटरवर थांबतात. उपयोगाचा मारा पहिल्या तीन सेंटिमीटरांत होतो. हे सारे आधी पाण्याच्या टाकीत मोजून पाहतात, कारण आपले मांस किरणांना बरेचसे पाण्यासारखेच अडवते. रोग खोल असेल तर त्याच यंत्रातले इलेक्ट्रॉन धातूवर आपटवून क्ष-किरण काढतात आणि त्यांनाही आकार देतात.

आता कामाचे सांगते. छापा कुठे धरायचा हे अंगावरच्या खुणांवरून ठरते. म्हणून त्या खुणा न विचारता घासून पुसू नयेत. ठरलेला दिवस चुकवू नये. शेक घेताना दुखत नाही. पुढे कातडी लाल झाली तर मनाने काही लावू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि बाहेरून दिलेला असा शेक अंगात उरत नाही. आमच्याकडे आलेल्या एका पाहुणीने जाऊबाईंचे ताट वेगळे मांडले होते. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. नातवाला मांडीवर घ्यायलाही भीत होत्या. डॉक्टरांनी स्वतः सांगितले, तेव्हा घेतले.

आपल्या बार्शीत १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. म्हणजे हा रोग मुंबई-पुण्याचाच नव्हे, आपल्याही दारचा आहे. छातीत गाठ लागली, अंगावरून अवेळी रक्त गेले, तर लाजून घरात बसू नका. लवकर दाखवा. आणि कुणा भगिनीला शेक चालू असेल, तर तिचे ताट आपल्याच पंगतीत मांडा.