एकच मागणी, एकच माप

(मराठवाडा-विदर्भातून पिंपरी-चिंचवड, चाकण भागात कामाला आलेल्या कोरडवाहू शेतकरी कुटुंबांच्या निगडी येथील मेळाव्यात झालेले भाषण. जिल्हा बैठकांसाठी छापत आहोत.)



तुमची शेती परभणी-यवतमाळकडे आणि हजेरी भोसरी-चाकणच्या कारखान्यात. गावी म्हातारे आईबाप कापूस आणि ज्वारी करतात, इथून दर महिन्याला पैसे जातात. पाडव्याला गावी गेलात की ओट्यावर बेत ठरतात. यंदा बोअर घ्यायचा, एकरी दहा क्विंटल कापूस काढायचा, ट्रॅक्टरचे बघायचे, पोरीचे उरकायचे, जमलेच तर इकडे तळवड्याला गुंठाभर जागा. पाच बेत, आणि पाचही उधारीवर. दिवाळीला विचारले तर एकही पुरा झालेला नसतो. उधारी तेवढी पुरी झालेली असते.

आम्ही गावोगाव बैठका घेतो तेव्हा हीच यादी ऐकतो. म्हणून आज यादी छोटी करण्याबद्दल बोलायचे आहे.

त्यासाठी लांबचा दाखला नको. इथून तळवड्यावरून चाकण काही लांब नाही. चाकणजवळच्या आंबेठाणला शरद जोशींनी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. हिशेब कुठूनही मांडला तरी तोटाच येतो, हे त्यांनी घामातून शोधले. 1978 आणि 1980 साली चाकणला कांद्याची आंदोलने झाली, मग 1980 सालीच नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे 300 रुपये मागत शेतकरी रस्त्यावर बसले. मागणी काय होती? शेतीमालाला रास्त भाव. एककलमी कार्यक्रम.

त्या वेळच्या शहाण्यांनी यावर बरेच तोंडसुख घेतले. पाणी नाही मागत? दारूबंदी? शाळा, दवाखाने, जमिनीचे फेरवाटप? ज्यांच्या जाहीरनाम्यात चाळीस-चाळीस कलमे होती त्यांना एका कलमाची चेष्टा वाटली. पण शेतकऱ्याला ती मागणी पाठ झाली. अंगठा उठवणाऱ्या बाईला ती सांगता येत होती आणि फौजदाराने हटकले तर पोराला सांगता येत होती. मुख्य म्हणजे ती मिळाली की नाही मिळाली, हे बाजारात त्याच दिवशी कळत होते. पुढाऱ्याला "बरेच काही साध्य झाले" असे म्हणायला जागाच नव्हती.

याच्या उलट बघा. 2016 साली दिल्लीने जाहीर केले की 2022 पर्यंत शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट करू. त्यासाठी नेमलेल्या दलवाई समितीने 14 खंडांचा अहवाल लिहिला. अहवालात चांगल्या गोष्टी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण 2022 येऊन गेले, आणि तुमच्यापैकी किती जणांना आपले उत्पन्न दुप्पट झाले की नाही हे ठरवण्यासाठी कोणी विचारले? ध्येय त्यांचे, माप त्यांचे, निकालही त्यांचाच.

आता एक गैरसमज मोडून टाकू. यादी छोटी करा म्हणजे भूक छोटी करा, असे आम्ही सांगत नाही. शेतकऱ्याला साधेपणाचे प्रवचन देणारे फार झाले. ज्यांच्या घरी फ्रीज आहे ते आपल्याला मडक्यातल्या पाण्याचा महिमा सांगतात. गरिबीत पुण्य नसते. आपल्या पोरालाही पक्के घर, मोटारसायकल आणि चांगले शिक्षण हवे, आणि हवेच. प्रश्न एवढाच की त्यासाठी आज, या हंगामात, कोणती एक गोष्ट साधायची आणि ती साधली हे कशावरून ओळखायचे.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. तिथे यशाचे माप एकच: एकरी किती क्विंटल. पीक स्पर्धेचे बक्षीस त्यालाच, कृषिभूषणाची शाल जवळपास त्यालाच. कोरडवाहू कापसात हे माप कसे फसवते ते आकडे मांडून पाहा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. वेचणी जाऊन क्विंटलला 6,000 रुपये हाती येतात असे धरू. एकाने एकरी 32,000 खर्चून 8 क्विंटल काढले: 48,000 आले, 16,000 उरले. त्याच्या धुऱ्याला लागून असलेल्याने 12,000 खर्चून 5 क्विंटल काढले: 30,000 आले, 18,000 उरले. पारावर नाव पहिल्याचे होते. पण पाऊस ऑगस्टमध्ये दडी मारतो आणि दोघांचे पीक निम्म्यावर येते. पहिल्याला 24,000 मिळतात, म्हणजे 8,000 अंगावर. दुसऱ्याला 15,000 मिळतात आणि 3,000 शिल्लक राहतात. विहिरीला बारमाही पाणी असेल तर गणित वेगळे येईल. तिथे खर्च वाढवणे शहाणपणाचे ठरू शकते. आम्ही नव्या बियाण्याच्या किंवा तंत्राच्या विरोधात नाही. पण ज्याचे अर्धे पीक आभाळाच्या हातात, त्याने चांगल्या वर्षाच्या मापाने खर्च करू नये.

एक माप धरा म्हणतो तेव्हा ते माप नीट पारखून घ्या. ज्वारीचे काय झाले ते आठवा. 1964 साली सीएसएच-1 हा संकरित वाण आला, आणि त्यामागून आलेल्या वाणांनी दाण्याचा उतारा खरोखर वाढवला. पण ठेंगण्या वाणाला कडबा कमी, आणि खरिपात कापणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडतो. शास्त्रज्ञाच्या वहीत कडब्याला रकाना नव्हता; बैलाच्या वहीत होता! सोलापूर जिल्ह्यात मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेली मालदांडी 35-1 रब्बीत इतकी वर्षे टिकली, कारण ती भाकरीला गोड आणि कडब्याला उंच. दाणे आणि वैरण दोन्ही धरून एकराला काय मिळाले, हे शेतकऱ्याचे माप होते. तेही एकच माप आहे, पण पुरे आहे.

मग कोरडवाहूवाल्याने यंदा काय धरावे? आमची सूचना आहे, हुकूम नाही: पुढच्या पेरणीचे बी आणि खत उधारीवर आणायचे नाही. बस. उधारीच्या थैलीची किंमत रोखीपेक्षा जास्त लागते, आणि ज्याची उधारी त्याच्याच काट्यावर कापूस घालावा लागतो, तोही भाव पडलेला असताना. भावासाठी आंदोलन करायचे तर माल चार आठवडे घरात ठेवण्याची ताकद हवी. उधारीवाल्याकडे ती नसते. म्हणजे आपल्या घरातले हे एक कलम आणि चाकणचे एक कलम, दोन्ही एकाच गाठीला बांधलेले आहेत.

हे एक धरले की बाकीचे आपोआप गळते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरायचे नाही, कारण दुबार पेरणी म्हणजे दुबार उधारी. शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपण उचलायचा नाही. कामगंध सापळ्यात किती पतंग आले, बोंडात किती अळ्या निघाल्या, ते मोजून मग फवारणी. कापसात तुरीचे तास टाकायचे, पावसाने दगा दिला तर तूर हात देते. आणि फरदड नाही. फरदडीच्या चार वेच्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या वर्षाला पोसली जाते, आणि तिच्या फवाऱ्याचा पैसा पुन्हा उधारीचाच. वाढीव कापूस दिसतो, त्याच्या मागचा खर्च दिसत नाही.

हे कलम ठरवायला घरात कोण बसणार, हेही विचारा. चाकणच्या आंदोलनात बाया होत्या, पण भावाच्या एका कलमात त्यांचा सातबारा नव्हता. त्यासाठी 1986 साली चांदवडला महिलांचे अधिवेशन घ्यावे लागले आणि पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. उधारीचा निरोप दुकानदार घरी पाठवतो तेव्हा दारात कोण उभे असते? तिला न विचारता ठरवलेले ध्येय पोळ्यापर्यंतही टिकत नाही.

इथे राहणाऱ्यांना आणखी एक सांगायचे आहे. तुम्ही ज्या निगडीत बसला आहात तीही एके काळी शेतकऱ्यांची रानेच. 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण झाले, जमिनी गेल्या, आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी मूळ मालकांची कुटुंबे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिली. 2021 मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. त्याच जमिनीवर आज प्लॉट हेच यशाचे माप आहे, आणि ते बघून तुमच्यातले काही जण गावचे शेत विकून इथे खोली घ्यायचा विचार करतात. जमीन तुमची, विकण्याचा हक्क तुमचा. आम्ही अडवणारे कोण? फक्त आधी दोन वर्षे इथून जाणारा पैसा दुकानदाराची जुनी बाकी फेडायला लावा आणि नवी उधारी बंद करून बघा. मग शेत तोट्याचे आहे की उधारी, ते कळेल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने एका कागदावर तीन आकडे आणावेत: गेल्या हंगामात रोख किती घातले, हाती किती आले, आणि पाडव्याला दुकानाची बाकी किती होती. आकडे घरच्या बाईसमोर बसून लिहावेत. नाव घातले नाही तरी चालेल. गाव आणि एकर तेवढे घाला.