झरा कोणाचा?

कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर जॉन हगिन्स या व्यापाऱ्याने उष्णोदकाच्या झऱ्यालगत दगडी ‘बाथ हॉटेल’ उभारले. संधिवाताने पीडलेले धनिक तेथे स्नानासाठी येत. हा विलास पोसला जात होता तो उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्या घामावर. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली; पुढे साखरेचा धंदाही मावळला. आज बेटाचा संसार मुख्यतः पर्यटनावर चालतो. आलिशान हॉटेलांतून ‘स्पा’ निघाले आहेत. तेथे राबणाऱ्यांत त्या गुलामांचे वंशजही आहेत. मात्र जुन्या हॉटेलजवळच्या झऱ्यावर बेटावरील सामान्य माणसे अजूनही विनामूल्य न्हातात. पर्यटनाने रोजगार अवश्य द्यावा. परंतु भूमीच्या पोटातील ऊब तिकिटाच्या खिडकीआड कोंडली जाऊ नये. झऱ्यावर पहिला हक्क तेथील जनतेचा!