चर्चच्या वहीतील पूर्वज



आपल्या पणज्याचे नाव कोणत्या कागदावर सापडते, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना निरुत्तर व्हावे लागेल. इंग्लंडमधील शेतमजुरालाही जमीन नव्हती. परंतु चर्चच्या वहीत त्याच्या नावाची एक ओळ असे. १५३८ साली टॉमस क्रॉमवेल यांनी आठव्या हेन्री राजाच्या वतीने आज्ञा काढली, की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद दर रविवारी व्हावी आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत राहावी. १५९८ पासून तिची नक्कल दरवर्षी बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही नष्ट झाली तरी पुष्कळदा पुरावा उरतो, तो यामुळेच.

शोध उलट दिशेने करावा. १ जुलै १८३७ पासून तेथे सरकारी नोंद आहे. तिच्यामागे जावयाचे तर चर्च गाठावे. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात बापाचा धंदाही आढळतो. मात्र वकील म्हणून बजावतो, बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. ‘निर्धन’ हा शेराही जपून वाचावा. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता व निर्धनांस तो माफ होता. तेवढे वाचविण्यासाठी कित्येकांनी तो शेरा आनंदाने मारून घेतला असेल!