बाळ घरी आलं, पण मोठीचं काय?

(आपल्या ग्रामसंघाच्या मासिक सभेत एका ज्येष्ठ सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. अनेक जणींनी मागणी केल्यामुळे ते या अंकात जसंच्या तसं देत आहोत.)



सचिव ताई मला म्हणाल्या, ‘तुमचा नातू काचेच्या पेटीत राहून आला. त्याची काळजी कशी घेतली ते चार बायांना सांगा.’ ते मी सांगणारच आहे. पण आज मला बाळापेक्षा जास्त त्याच्या बहिणीबद्दल बोलायचंय. कारण बाळाच्या बाबतीत आम्ही दवाखान्याचं सगळं ऐकलं, आणि पोरीच्या बाबतीत माझी चूक झाली. तीच चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून मी उभी राहिले आहे.

माझ्या सुनेला आठवा महिना होता. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, घरात माणूस नाही. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं, डोळ्यापुढं अंधारी येत होती, पाय सुजलेले. आमची छकुली पाच वर्षांची. ती आईच्या मागं लागली होती, ‘मला कडेवर घे’ म्हणून. दोनदा तिनं आईच्या अंगावर उडी घेतली. दुपारी आशाताईंनी बीपी पाहिलं आणि लगेच १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या घाईत मी पोरीवर ओरडले, ‘बघ, तुझ्यापायी आईला दवाखान्यात न्यावं लागतंय!’

बोलले आणि विसरून गेले. आपण विसरतोच. पण तिनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

बाळ त्याच रात्री झालं. वजन १ किलो ६०० ग्रॅम. जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात बाळांचा खास विभाग असतो, तिथं त्याला ठेवलं. श्वासाला मदत लागत होती, दूध ओढायची ताकद नव्हती, नळीनं द्यावं लागायचं. सून तिथंच राहिली, कारण तिचं दूध काढून बाळाला देत होते. लेक कधी शेतात, कधी दवाखान्यात. घरी मी आणि छकुली. असे २२ दिवस गेले.

पहिल्या दिवशी पोरीनं विचारलं, ‘आई कुठंय?’ मी सांगितलं, ‘मावशीकडं गेलीय, उद्या येईल.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हणाले, ‘उद्या.’ चौथ्या दिवसापासून तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, बरं झालं, पोर रुळली. बायांनो, पोर रुळली नव्हती. तिला कळलं होतं की आजी खोटं बोलते, विचारून उपयोग नाही.

त्यात येणारी-जाणारी माणसं. कुणी म्हणायचं, ‘भाऊ आला बरं का, आता तुझे लाड संपले.’ कुणी म्हणायचं, ‘आता तुला कोण विचारतंय?’ आपण हे गमतीनं बोलतो, आपल्या सगळ्यांच्या घरी बोलतात. पण ज्या पोरीची आई तीन आठवडे दिसलेली नाही, तिला त्यात काय गंमत वाटणार?

बाविसाव्या दिवशी बाळ घरी आलं. मी दारात भाकरतुकडा ओवाळला, सुनेच्या पायावर पाणी घातलं, बाळाची नजर काढली. सगळ्यांचे डोळे त्या दुपट्यावर. छकुली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्यावरून कुणी काही ओवाळलं नाही. सुनेनं एका हातानं तिला जवळ ओढलं, तर ती हात सोडवून मागच्या अंगणात पळाली.

त्यानंतर ती बाळाच्या खोलीत पाऊल टाकेना. रात्री अंथरूण ओलं करायला लागली, ते तिचं दोन वर्षांपूर्वीच सुटलं होतं. मी एकदा हातही उगारला. आठवडाभरानं, रात्री माझ्या कुशीत झोपलेली असताना ती हळूच म्हणाली, ‘आजी, मी हात लावला तर बाळ परत काचेत जाईल ना? मी आईच्या अंगावर उडी मारली होती.’

माझ्या पोटात कालवलं. आता खोटं काय सांगू, खरंच सांगते, मी त्या रात्री झोपले नाही. पाच वर्षांच्या पोरीनं भावाच्या आजाराचा दोष महिनाभर एकटीनं वाहिला, आणि तो तिच्या अंगावर मी टाकला होता.

सकाळी मी सुनेला सगळं सांगितलं. वाटलं, ही आता मला बोलेल. ती काही बोलली नाही. बाळाला छातीशी बांधलेलं होतं, तशीच बसून तिनं पोरीला हाक मारली आणि शेजारी बसवलं. म्हणाली, ‘माझं बीपी वाढलं होतं, म्हणून बाळ लवकर आलं. तू उडी मारलीस म्हणून नाही. तू काहीच केलं नाहीस.’ मग मीही म्हणाले, ‘छकुले, आजी चुकली. आजीनं रागात खोटं बोललं.’ नातीची माफी मागायला मला लाज वाटली नाही. तुम्हीही लाजू नका.

आता मी काय शिकले ते सांगते.

पहिलं, लेकराला खरं सांगा, थोडक्यात सांगा. ‘बाळ लवकर आलं. ते फार लहान आहे, त्याला श्वास घ्यायला मदत लागते. डॉक्टर त्याला ऊब देतात. आई त्याला दूध द्यायला तिथं थांबलीय. आई परत येणार आहे. आणि हे तुझ्यामुळं झालेलं नाही.’ एवढं पुरे. कधी येणार ते माहीत नसेल तर ‘उद्या’ म्हणू नका. ‘दिवस माहीत नाही, पण कळला की तुला आधी सांगते’ म्हणा. रोज एकदा फोनवर आईचा आवाज ऐकवा. व्हिडिओवर बाळ दाखवणार असाल, तर नळ्या कशासाठी आहेत ते आधी सांगा, म्हणजे लेकरू घाबरणार नाही.

दुसरं, बाळ घरी आल्यावर मोठं लेकरू लहान झाल्यासारखं वागतं. अंथरूण ओलं करेल, बोट चोखेल, ‘मला भरव’ म्हणेल. हा वाईटपणा नाही. मारू नका, चारचौघांत लाजवू नका. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते आपोआप सुटतं. पण लेकरू खातच नसेल, बोलतच नसेल, बरेच दिवस तसंच चाललं असेल, तर त्यालाही डॉक्टरांना दाखवा.

तिसरं, तिला काम द्या. आमच्या दारात मी साबण आणि पाण्याची बादली ठेवली आणि छकुलीला सांगितलं, ‘हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही.’ बायांनो, तिनं सरपंचांनाही अडवलं! बाळाची टोपी, मोजे आणून द्यायची. तोंडाजवळ न जाता पायाला हात लावायची, गाणं म्हणायची. तिला सर्दी झाली तेव्हा चार दिवस लांब ठेवावं लागलं. तेव्हाही आम्ही सांगितलं, ‘ही शिक्षा नाही. सर्दी गेली की तू परत पहारेकरी.’

चौथं, तिचा वेळ तिला द्या. रोज संध्याकाळी बाळ माझ्या छातीशी असायचं आणि सून छकुलीची वेणी घालायची. अर्धा तासच, पण त्या अर्ध्या तासात आई फक्त तिची.

बाळ माझ्या छातीशी कसं, असं काही जणी विचारतील. दवाखान्यात सिस्टरांनी ‘कांगारू’ पद्धत शिकवली होती. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून कापड बांधायचं. कातडीला कातडी लागली की बाळाला ऊब मिळते, वजन वाढतं, आईला दूध चांगलं येतं. कोलंबिया देशात १९७८ साली पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. आई दमली तर बाप, आजी, आत्या कुणीही हे करू शकतं. माझा लेक आधी लाजला, मग रोज रात्री तोच घ्यायचा. बाळाचं वजन अडीच किलो होईपर्यंत आम्ही हे चालू ठेवलं.

बाकीची काळजी थोडक्यात सांगते. सहा महिने फक्त आईचं दूध. मध नको, घुटी नको, पाणीही नको. ओढता येत नसेल तर काढलेलं दूध स्वच्छ वाटी-चमच्यानं. डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद करायचे नाहीत. खोलीत शेगडीचा धूर, धुरी नको. मीच माझ्या वेळेला धुरी दिलेली आहे, पण या बाळाच्या छातीला ती सोसत नाही. डोळ्यात काजळ नको, कानानाकात तेल नको.

तपासणीच्या तारखा चुकवू नका. फार लवकर जन्मलेल्या, किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा साधारण महिनाभराचं असताना तपासून घ्यावा लागतो. वरून डोळे चांगले दिसतात, पण आतला दोष वेळेत सापडला नाही तर नजर जाऊ शकते. कानाची तपासणीही विचारा. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची असते, बाळ लहान आहे म्हणून लांबवू नका.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ बघायला येतात, त्यातले दवाखान्यात गेलेले दिवस सोडले तर घरी आल्यापासून पुढच्या भेटी होतात. कमी वजनाच्या बाळाकडं त्यानंतरही त्या लक्ष ठेवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. तेव्हा आशाताईंना दारातून चहा पाजून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा, वजन करून घ्या.

आणि ही लक्षणं पाठ करा. बाळ दूध ओढत नाही, गळून पडलंय, अंग गार पडलंय किंवा तापलंय, श्वास भराभर चालतोय, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार, औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. तो आपला हक्क आहे.

बारसं आम्ही लांबवलं. बाळाचं वजन अडीच किलो झाल्यावर, मोजक्याच माणसांत केलं. त्या दिवशी मी भाकरतुकडा पुन्हा घेतला आणि आधी छकुलीवरून ओवाळला. म्हटलं, ‘ही पण महिनाभर आईवाचून राहिली, ही पण आज घरी आली.’ नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्यानं तिला शेजारी घेतलं आणि बाळाच्या कानात दोघींनी मिळून नाव सांगितलं. आता तोच भाऊ हिचे केस ओढतो आणि ही माझ्याकडं तक्रार घेऊन येते. मला ती तक्रार फार गोड लागते.

शेवटचं सांगते आणि बसते. त्या २२ दिवसांत आपल्या गटानं मला त्याच दिवशी ५ हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं, त्याचे उपकार आहेत. पण तिसऱ्या आठवड्यात गटातली एक जण आपल्या लेकीबरोबर छकुलीलाही अंगणवाडीत नेऊ लागली, जेवायला बसवू लागली, ते मला कर्जापेक्षा मोठं वाटतं. ते पहिल्या दिवसापासून झालं असतं, तर पोर एवढी एकटी पडली नसती.

म्हणून माझी सूचना आहे, अध्यक्ष ताईंनी इतिवृत्तात लिहून घ्यावी. आपल्या कुठल्याही सदस्याच्या घरचं बाळ दवाखान्यात अडकलं, तर गटानं तीन कामं वाटून घ्यायची. एकीनं घरी डबा द्यायचा. एकीनं तपासणीच्या तारखा लक्षात ठेवून सोबत जायचं. आणि एकीनं घरातल्या मोठ्या लेकराकडं बघायचं. त्याच्याजवळ बसायचं, त्याला खरं सांगायचं, आणि ‘तुझे लाड संपले’ असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवायचं.

ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा.



(सूचना सर्वानुमते मंजूर झाली. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही सर्व सचिव ताईंना विनंती.)